जिना नसलेलं घर

"खिडकीत कोण आहे? अहो... खिडकीत कोण आहे?"

खालून हाक आली तेव्हा ती पहिल्या मजल्यावरच्या खिडकीत पाय आत सोडून बसली होती, आणि बिजागरीच्या शेवटच्या स्क्रूशी तिची जुंपली होती. बाकीचे सगळे स्क्रू गुणी मुलांसारखे सुटले होते. हा एक मात्र हट्टाला पेटला होता.

"मी आहे!" तिने मान न वळवताच उत्तर दिलं.

"मी म्हणजे कोण?"

"आधी तुम्ही कोण ते सांगा!"

मग पोकलेनचं इंजिन घरघरत बंद पडलं, कुणीतरी फिस्सकन हसलं, आणि लाकडी जिन्यावर बुटांचे आवाज वाजत वाजत वर आले. दारात एक उंच माणूस उभा राहिला. डोक्यावर पिवळं हेल्मेट, आणि भुवयांवर चुन्याची इतकी धूळ की ऐन तिशीतच म्हातारा दिसत होता बिचारा.

"मी ही इमारत पाडतोय," तो म्हणाला.

"मग पाडा की. मी कुठे अडवलंय?"

"तुम्ही तिच्यात बसलायत."

"ही खिडकी निघाली की उठते. हॉस्पिटलच्या ऑफिसातून परवानगी आणलीय मी. आज सकाळपर्यंत हवी ती दारं-खिडक्या काढून न्या म्हणालेत."

"सकाळ झाली, मॅडम."

"झाली नाही. चालू आहे."

तो हसू दाबत जवळ आला. आता हा ओरडणार असं तिला वाटलं. पण त्याने हातमोजे काढले, झडपेची चौकट दोन्ही हातांनी खालून उचलून धरली आणि म्हणाला, "चौकटीचं सगळं ओझं त्या स्क्रूवर आलंय. मी धरतो. आता फिरवा."

तिने फिरवला. स्क्रू लोण्यातून सुरी निघावी तसा निघाला, आणि चौकट अचानक मोकळी होऊन तिच्या अंगावर कलली. त्याने ती सावरली. चौकटीला तावदान नव्हतं. एका बाजूला तिचा चेहरा, दुसऱ्या बाजूला त्याचा — मध्ये फक्त वीतभर हवा. भुवयांखालचे डोळे काही म्हातारे नव्हते. चांगलेच मिश्किल होते.

"काच असती तर टकटक करून आलो असतो," तो म्हणाला.

तिने निघालेला स्क्रू खिशात टाकला.

तेवढ्यात खालून टेम्पोजवळून खणखणीत आवाज आला, "खारूताई! ए खारूताई! झाली का गं तुझी खिडकी?"

"खारूताई?" त्याने भुवया उंचावल्या. थोडा चुना खाली सांडला.

"घरचं नाव आहे. लहानपणापासून बटणं, बुचं, खिळे, जे दिसेल ते गोळा करून ठेवायचे म्हणून. तुम्ही वापरायचं नाही."

"नाहीच वापरणार. निदान 'ताई' तर मुळीच म्हणणार नाही."

तो चौकट खांद्यावर घेऊन पुढे निघाला. ती मागून उतरू लागली. अर्ध्या जिन्यात त्या वाक्याचा अर्थ तिच्या डोक्यात शिरला... आणि तिची एक पायरी चुकली.

खाली टेम्पोला टेकून मावशी उभी होती. तिनेच हिला वाढवलं होतं. आई गेली तेव्हा ही जेमतेम शाळेत जाणारी पोर होती, आणि मावशी हॉस्पिटलात नर्स. लग्नाचं विचारलं की म्हणायची, "अख्खा वॉर्ड सांभाळते, त्यात आणखी एक पेशंट कशाला?" ड्यूटी, डबा आणि भाचीचा अभ्यास, सगळं तिने एकटीने ओढलं. भाची आर्किटेक्ट झाली. मोठ्या फर्ममध्ये काचेच्या इमारतींचे नकाशे काढू लागली आणि दोन-तीन वर्षांत त्या काचांना विटली. एका इमारतीसाठी चार धडधाकट घरं पाडली जायची, त्यांचा राडारोडा गावाबाहेर ओतला जायचा, आणि त्याच्या टेकड्या दर पावसाळ्यानंतर उंच झालेल्या दिसायच्या. तिने नोकरी सोडली.

मावशीने निवृत्तीनंतर शहराच्या कडेला लहानसा प्लॉट घेतला होता. आयुष्यभर ती हॉस्टेलात, क्वार्टरमध्ये, भाड्याच्या खोल्यांत राहिलेली. आता पहिल्यांदाच तिचं स्वतःचं घर होणार होतं, आणि भाचीने ठरवलं होतं की ते पाडलेल्या घरांच्या सामानातून उभं करायचं. दारं, खिडक्या, विटा, कौलं, वासे, सगळं जुनं. वायरी आणि नळ तेवढे नवे. ओळखीतले लोक नाकं मुरडायचे, 'भंगारातलं घर' म्हणायचे. मावशी त्यांना एका वाक्यात गार करायची, "माणसाची किडनी काढून दुसऱ्याला लावतात, तर दाराला काय धाड भरलीय?"

घर पावसाळ्याआधी उभं राहायला हवं होतं. भाड्याची खोली तेव्हा रिकामी करायची होती.

"हा कोण?" खिडकी टेम्पोत चढवून तो गेल्यावर मावशीने विचारलं.

"पाडकामाचा ठेकेदार."

"हात चांगले आहेत. उचलताना पाठ वाकवत नाही, गुडघे वाकवतो. आमच्या वॉर्डबॉयना मी हे सांगून सांगून थकले."

"मावशी, तू काय त्याचं मेडिकल करायला आलीयेस?"

"मी कुठे काय म्हटलं?" मावशीने फ्लास्कचं झाकण लावलं. "तूच तिकडे बघत होतीस."

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. विटांसाठी, असं तिने स्वतःला बजावून सांगितलं. तो ढिगाऱ्याजवळ उकिडवा बसला होता. हातात एक वीट घेऊन तिच्यावर अंगठा फिरवत होता.

"हे बघा," जणू कालचंच बोलणं पुढे चालू असल्यासारखा तो म्हणाला, "चुन्यातलं बांधकाम आहे. हलकेच ठोकलं की वीट अख्खी सुटते. सिमेंटमधली असती तर आधी वीट तुटली असती, मग जोड."

"माहितीय. म्हणूनच मागायला आलेय."

"सगळ्या?"

"देताय?"

"बाबांना कळलं तर मला याच विटांत चिणतील," तो हसला. धंदा त्याच्या वडिलांचा होता. दमा बळावल्यामुळे ते आता घरून फोनवर हुकूम सोडायचे, आणि त्यांचं ठरलेलं ब्रीद होतं — पाडायचं ते एका दमात. दम लागणाऱ्या माणसाने असं म्हणावं याचं त्याला नेहमी हसू यायचं. "त्यांच्या हिशोबाने मी फार वेळ लावतो. मला तोडण्यापेक्षा सोडवणं आवडतं. पण ते आमच्या धंद्यात बसत नाही."

"धंद्यात बसत नसेल तर धंदा थोडा मोठा करा."

त्याने वीट खाली ठेवली. मग मुकादमाला हाक मारली, "मशीन आजपासून मागच्या बाजूला लावा. पुढची बाजू हाताने उतरवायची."

मुकादम जुना माणूस होता. त्याने एकदा ठेकेदाराकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि मिशीतल्या मिशीत हसत निघून गेला.

मग सकाळी सकाळी तिथे जाणं हा तिचा नेमच झाला. ती छिन्नीने विटांवरचा चुना खरवडायची. तो वरच्या मजल्यावरून माणसं लावून वासे उतरवायचा, आणि दर थोड्या वेळाने काहीतरी कारण काढून खाली यायचा. कधी पाणी प्यायला. कधी हातोडी शोधायला, जी त्याच्या पट्ट्यालाच अडकवलेली असायची.

"हातोडी तिथेच आहे," ती मान न उचलता म्हणायची.

"कुठे?"

"जिथे रोज असते."

"हो की!" तो पट्टा चाचपून म्हणायचा आणि जराही न लाजता तिथेच बसकण मारायचा.

एकदा त्याने तिला वरच्या एका खोलीत नेलं. भिंतीचा गिलावा एका कोपऱ्यात सोलवटला होता, आणि आत एकाखाली एक रंगांचे थर दिसत होते. पांढरा, फिका हिरवा, मग पिवळा, आणि सगळ्यात तळाशी गुलाबी.

"मला हे बघायला आवडतं," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणालातरी हा गुलाबी हवा होता. मग दुसरं कुणी आलं, त्याला नको झाला. कुठे दाराच्या चौकटीवर मुलांच्या उंचीच्या खुणा असतात. पाडायला आलेल्या माणसाने असं बघत उभं राहायचं नसतं खरं तर. मजूर हसतात मला."

"मी नाही हसत."

"तुम्ही हसलात तरी चालेल," तो म्हणाला. "तुम्ही हसलात की... बरं वाटतं."

खोलीला छप्पर उरलं नव्हतं. वरून ऊन थेट दोघांवर पडत होतं. तिने उगाच भिंतीवरच्या गुलाबी रंगावर बोट फिरवलं, आणि बोटाला लागलेला रंग कितीतरी वेळ पुसला नाही.

त्या इमारतीत तिचा खरा जीव जडला होता तो जिन्यावर. सागवानी, मधल्या वळणावर ऐसपैस, कठड्याची लाकडं इतक्या हातांनी घासून गुळगुळीत झालेली की वार्निशची गरजच नाही. ते हॉस्पिटलचं जुनं नर्सेस हॉस्टेल होतं, आणि मावशी नोकरीला लागली तेव्हा तिथेच राहिली होती. या जिन्यावरून ती तरुणपणी उतरली असेल, चढली असेल... तिने जिना पाहिला आणि त्याच रात्री घराचा नकाशा बदलला. वर एक खोली काढली. तिथे मावशी झोपेल, आणि तिथवर हा जिना नेईल.

"जिना मला अख्खा हवाय," तिने त्याला सांगितलं. "एकही पायरी न तुटता. पण त्यासाठी आधी वरचा सगळा भार उतरवावा लागेल."

"रविवारपर्यंत उतरतो. तोवर जिन्याला कुणी हात लावणार नाही."

"नक्की?"

"शब्द दिला."

शनिवारी दुपारी अवकाळी पाऊस कोसळला. ढग नाहीत, वारा नाही असं म्हणता म्हणता आभाळ फाटल्यासारखा आला आणि तासभर झोडपून गेला. ती तेव्हा प्लॉटवर पायाच्या कामात अडकली होती. रस्ते मोकळे झाल्यावर तिने तडक हॉस्टेल गाठलं.

पुढची भिंत नव्हती. मशीन मागून पुढे आलं होतं. आणि जिन्याच्या जागी ओल्या विटांचा ढीग होता. त्यातून कठड्याचं एक लाकूड मोडक्या हातासारखं वर आलं होतं.

तो ढिगाऱ्यापाशी उभा होता. नखशिखांत भिजलेला.

"तू शब्द दिला होतास," ती म्हणाली.

"हो."

"मग? कुणी सांगितलं पाडायला? बाबांनी?"

"नाही. मी सांगितलं."

त्याने काहीतरी सबब सांगितली असती, कुणावर तरी ढकललं असतं, तर ती कदाचित भांडली असती, रडली असती. पण तो सरळ 'मी' म्हणाला, आणि ती एक पाऊल मागे सरली. "भिंत..." त्याने बोलायला सुरुवात केली.

"नको. मला नाही ऐकायचं. तुलाही शेवटी एका दमातच पाडता येतं, एवढं कळलं मला."

ती वळली आणि चालू लागली. मागून त्याने हाक मारली नाही. त्याचाही तिला राग आला.

घरी आल्यावर ती मावशीसमोर भडाभडा बोलली. जिना, शब्द, पाऊस, तो... सगळं. मावशी स्वेटरची उसवलेली कॉलर टाचत बसली होती. तिने सगळं ऐकून घेतलं. मग दोरा दाताने तोडला.

"कुठला जिना गं?"

"हॉस्टेलचा! मावशी, तू ज्याच्यावरून रोज चढायचीस तो! तुझ्या घरात लावणार होते मी. तुझी वरची खोली..."

"माझी खोली वर?" मावशीने चष्मा काढला. "आणि हे मला कधी सांगणार होतीस?"

"सरप्राइज होतं ते."

"अगं बये!" मावशी म्हणाली, आणि मग ती जी हसत सुटली ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं. "त्या जिन्याने माझे गुडघे खाल्ले! रात्रपाळी करून यायचं आणि तो डोंगर चढायचा. आम्ही सगळ्या पोरी त्याला 'वैरी' म्हणायचो. आणि तो तू उचलून माझ्या म्हातारपणी माझ्या घरात आणून बसवणार होतीस? खारूताई, माझ्या गुडघ्यांना तरी एकदा विचारायचंस!"

एवढ्या वर्षांत मावशीला जिना चढताना कठडा धरून थांबताना तिने किती वेळा पाहिलं होतं. लोकांना ती सांगत फिरायची की जुन्या वस्तूंची किंमत ओळखा... आणि घरातल्या माणसाचे गुडघे मात्र तिला दिसले नव्हते.

"आता आणखी एक सांगते, मग जेवायला वाढते," मावशी शांतपणे म्हणाली. "त्या हॉस्टेलच्या पुढच्या भिंतीला लागून गल्ली आहे. गल्लीच्या पलीकडे पाळणाघर. आमच्यातल्या बायका ड्यूटीला जाताना पोरं तिथे ठेवतात. शनिवारीही उघडं असतं. तू सांगतेस ती भिंत त्याने आत, तुझ्या जिन्यावर पाडली. बाहेर पडली असती तर कुठे पडली असती?"

तिने त्याला बोलूही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मजूर सुट्टीवर, मशीन बंद. ती आधी गल्लीत गेली. पाळणाघराच्या फाटकावर कागदी फुलं चिकटवलेली होती, आणि त्याच्या समोरची जमीन स्वच्छ होती. एकही वीट इकडे पडलेली नव्हती. ती तिथे थोडा वेळ उभी राहिली आणि मग फेरा घालून आत गेली.

तो एकटाच ढिगाऱ्यात काम करत होता. उचललेली वीट एका बाजूला, लाकूड दुसऱ्या बाजूला. जिन्याच्या निघतील तेवढ्या फळ्या त्याने पुसून, उन्हात ओळीने मांडून ठेवल्या होत्या. अख्ख्या फार थोड्या होत्या. पण लाकूड भरपूर होतं.

"मी सॉरी म्हणायला आलेली नाही," ती म्हणाली.

त्याने मान वर केली. "बरं."

"मी मदत करायला आलेय."

"बरं."

"आणि... सॉरी."

तो हसला नाही. कपाळावरचा घाम बाहीने पुसत म्हणाला, "पावसाने भिंत गल्लीकडे फुगली होती, पोट आलं होतं तिला. मी हात लावून बघितलं तर आतून चुना वाहत होता. पाळणाघरातल्या बाईंना सांगून मुलांना मागच्या दाराने काढलं, आणि मशीन पुढे घेतलं. तुला फोन करणार होतो. पण म्हटलं, काय सांगू? दिलेला शब्द मोडतोय, परवानगी देतेस का?"

"दिली असती."

"आता म्हणतेस."

"नाही, खरंच दिली असती. थोडी रडून दिली असती."

आता मात्र तो हसला. मग डोळे बारीक करून म्हणाला, "एक विचारू? काल रागात का होईना, मला 'तू' म्हणालीस. ते राहणार आहे की राग गेल्यावर परत 'तुम्ही'?"

"आणि तू आत्ता मला काय म्हणालास?"

"मी आपला तुझ्या मागोमाग आलो."

तिने ओंजळीत मावतील तेवढे लाकडाचे तुकडे उचलले आणि तोंड फिरवलं, कारण तोंडावर जे काही उमटलं होतं ते त्याला एवढ्यात दाखवायचं नव्हतं. "वर खोली होणार नाही आता," ती पाठमोरी म्हणाली. "सगळं घर एका पातळीवर. एकही पायरी नाही. या फळ्यांची जमीन करू, मावशीच्या खोलीत. थंडीत तिच्या पायांना बरं पडेल."

"जिन्याची जमीन?"

"वैऱ्याला आडवं केलं म्हणायचं," ती म्हणाली आणि मावशीच्या गुडघ्यांची सगळी हकिकत त्याला सांगितली. ती ऐकून तो इतका हसला की विटांच्या ढिगावर बसला, आणि ढीग घसरून थेट खाली आला.

त्यानंतर घर भराभर वर येऊ लागलं. हॉस्टेलच्या विटा, एका बंद पडलेल्या छापखान्याची दारं, कुठल्याशा शाळेच्या फरशा. त्याचं दुसरीकडे काम सुरू झालं होतं, पण संध्याकाळी तो प्लॉटवर असायचाच. येताना हात रिकामे नसायचे. कुणी बांगड्या आणतं, कुणी अत्तर. हा एकदा पितळी कड्यांचा जोड घेऊन आला, तोही घासूनपुसून चकचकीत केलेला. तिला त्या कड्या दाराला लावायचा धीर होईना. दोन दिवस तिने त्या उशाशी ठेवल्या.

एका सकाळी फाटकापाशी एक वयस्क गृहस्थ येऊन उभे राहिले. धाप लागलेली, पण आवाज करडा. "माझा मुलगा रोज संध्याकाळी जातो कुठे, ते बघायला आलोय."

मावशी विटा भिजवत होती. तिने त्यांच्याकडे एक नजर टाकली. "बघाल सावकाश. आधी बसा. पंप आणलाय का बरोबर?"

"कसला पंप?"

"दम्याचा. आणि धुळीत असे तोंड न बांधता फिरता? मोठा ठेकेदार म्हणे! हा घ्या रुमाल. तोंडाला बांधा आधी, आणि मग काय रागवायचं ते रागवा."

बाबांना आयुष्यात कुणी असं दटावलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने रुमाल बांधला. रागवायचं राहूनच गेलं. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, दारं उघडून लावून बघितली, आणि निघताना मुलाला म्हणाले, "नव्या कामावरचे वासे मी आज मशीनने तोडायला सांगणार होतो. राहू देत. उतरवून घे. इथे आढ्याला कमी पडतायत." मग दुसऱ्या दिवशी ते पुन्हा आले. तिसऱ्या दिवशीही आले. घर बघायला, असं म्हणायचे. पण यायच्या वेळेला बरोबर मावशीचा चहा व्हायचा.

पावसाळा तोंडावर आला तेव्हा फक्त छपराचं काम उरलं होतं. त्या दिवशी सकाळपासून पश्चिमेकडे ढग चढत होते. दोघं छपरावर होती. मुकादम कौलं वर देत होता, तो पुढे करत होता, ती बसवत होती. दुपारपर्यंत उताराच्या दोन्ही बाजू भरल्या, आणि मुकादम जेवायला गेला. आढ्यावरची थोडी कौलं तेवढी उरली होती. ती वरच रचून ठेवली होती.

"मी बाबांशी बोललो," कौल पुढे करत तो म्हणाला. "पाटी बदलायची म्हणतोय. नुसतं पाडकाम नाही. आधी सोडवणं, मग पाडणं. सोडवलेलं सामान ठेवायला गोदाम बघितलंय. फक्त एक अडचण आहे."

"कसली?"

"कुठलं सामान कुठल्या घरात शोभेल, हे सांगणारं कुणीतरी लागेल. आर्किटेक्ट."

"जाहिरात दे."

"दिली असती. पण अटी फार आहेत." त्याने पुढचं कौल दिलं, पण हातातून सोडलं नाही. दोघांचे हात एकाच कौलावर राहिले. "खिडकीत बसलेली असावी. खाली उतर म्हटलं तर उतरू नये. रागावली की 'तू' म्हणावी..."

"कौल सोड. पडेल."

"नाही पडणार. दोघांनी धरलंय."

तिचं काळीज इतकं धडधडत होतं की कौलं हलतील असं तिला वाटलं. काहीतरी खुसखुशीत उत्तर द्यायचं म्हणून तिने तोंड उघडलं, आणि नेमका पावसाचा थेंब तिच्या नाकावर पडला. "शेवटची दोन," ती घाईने म्हणाली. "आधी ती बसवू. मावशीचं घर गळता कामा नये."

दोघांनी ती बसवली. चुना दाबला, बोटाने सारखा केला. घर पुरं झालं. थेंब टपटपू लागले तशी ती वळून शिडीकडे सरकली... आणि थबकली.

"शिडी कुठेय?"

तो कडेला येऊन वाकला. शिडी खाली होती. भिंतीशी आडवी ठेवलेली, आणि तिच्यावर मावशी आणि बाबा शेजारी शेजारी बसले होते. हातात चहाचे कप. वर छपराचा पुढे आलेला भाग, त्यामुळे अंगावर एक थेंब नाही.

"मावशी! शिडी लाव, पाऊस आला!"

"दिसतोय," मावशी म्हणाली. "तुमचं बोलणं झालं का?"

"कसलं बोलणं?"

"ते मी कसं सांगू? दोन महिने झाले, एक हातोडी शोधतोय, एक चुना खरवडतेय. आम्ही दोघं म्हातारी झालो वाट बघून. बोलून झालं की हाक मारा. शिडी लावते."

"बाबा, तुम्ही तरी..." तो म्हणाला.

"मला दमा आहे," बाबा म्हणाले. "शिडी उचलायची नाही, असं सिस्टरनी सांगितलंय."

दोघं एकमेकांकडे बघू लागली. पाऊस आता सरळ लागला होता. कौलांवरून पाण्याच्या धारा ओघळत होत्या. त्याच्या भुवयांवरचा चुना वाहून गेला होता, आणि इतक्या जवळून पाहिलं तर तो अगदी तरुण दिसत होता. आणि घाबरलेला.

"मला बोलता येत नाही नीट," तो म्हणाला. "म्हणजे एरवी येतं. हे... हे येत नाही."

"मग मी बोलू?"

"बोल."

"मला तू हवा आहेस," ती म्हणाली. म्हणून झाल्यावर तिलाच नवल वाटलं, इतकं ते सोपं होतं. "गोदामासाठी नाही. कड्यांसाठी नाही. असाच. भिजलेला."

तिचे चुन्याने माखलेले दोन्ही हात त्याने आपल्या हातात घेतले आणि आपल्या गालांवर ठेवले. ते तसेच राहिले. पाऊस वरून, आभाळभर, आणि खाली त्या नव्या घरात पाण्याचा एक टिपूसही शिरत नव्हता.

"मीही," शेवटी तो म्हणाला. "मी तर त्या खिडकीपासूनच."

"मग इतके दिवस हातोडी काय शोधत होतास, वेड्या?"

"झालं का गं?" खालून मावशीने विचारलं. "चहा निवतोय तुमचा!"

तिने ओठावर बोट ठेवून त्याला गप्प बसायची खूण केली, डोकं त्याच्या ओल्या खांद्यावर टेकवलं, आणि खाली ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"नाही अजून!"